पाळीचं घड्याळ

बाबा माझ्याकडे बुलढाण्याला राहायला आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक सवय घेऊन. सवय अशी की दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, "किती वाजले, माय?" मी हायस्कूलला गणित शिकवते. दिवसभर पोरांशी डोकेफोड करून घरी यावं, चहाचं आधण ठेवावं, की आतून आवाज, "किती वाजले, माय?" शेवटी भिंतीवर थाळीएवढं घड्याळ आणून लावलं, मोठ्या आकड्यांचं, खास त्यांच्यासाठी. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "सेलवाल्याचा काई भरोसा नाई. सेल मरत येते तरी ते सांगत नाई." पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावातलं घर बंद, शेत बटाईनं दिलेलं. पेटीला बाबा कुणाला हात लावू देत नसत, पण नवरात्राआधीच्या साफसफाईत मी ती उघडलीच. धोतरं, रेशनकार्ड, आईचा चष्मा, आणि तळाशी तंबाखूच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळलेलं त्यांचं मनगटी घड्याळ. चावीचं. तबकडी पिवळी पडलेली, तीनच्या आकड्यापाशी तारखेची चौकोनी खिडकी, तिच्यात कुठल्या तरी महिन्याची अकरा तारीख अडकलेली. चावी फिरवून पाहिली, फिरेना.

मी ते घड्याळ तीस-बत्तीस वर्षांनी पाहत होते. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! आमच्या घरात दाखवायला ना सोनं ना चांदी. अभिमान म्हणून काय ते हे घड्याळ. माझा बाप खरा माणूस आहे, हे या घड्याळानं अख्ख्या गावासमोर सिद्ध केलं होतं. आणि याच घड्याळापायी माझे सख्खे काका बाबांशी बोलायचे बंद झाले होते.

ते आधी सांगायला हवं. मोताळा तालुक्यात आमचं गाव. बाबा आणि काका, दोघंच भाऊ. वाटणी झाली तेव्हा जमीन बांध घालून निम्मी-निम्मी झाली, पण विहीर कशी वाटणार? विहीर एक, मोटार एक. मग वेळ वाटायची. तिला पाळी म्हणायचं. लाईट आठ तास असायची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, दहा ते सहा. पहिले चार तास थोरल्याचे, पुढचे चार धाकट्याचे, हा रिवाज. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एक खिळा होता, त्यावर बाबांचं घड्याळ टांगलेलं असायचं, कारण दोन्ही घरांत मिळून घड्याळ तेवढं एकच. काटा ठरल्या जागी आला की एकाचं पाणी तोडायचं आणि दुसऱ्याच्या शेताकडे वळवायचं.

त्या घड्याळावर बाबांचा भारी जीव. रोज सकाळी ते घरी आणायचे, सातच्या बातम्या लागल्या की रेडिओजवळ धरायचे, चावी द्यायचे आणि मागं पडलेले काटे पुढे करायचे. चावीचं घड्याळ मागं पडतंच, त्यात विशेष ते काय! मी रोज ते बघत बघत दात घासायचे.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात काकांनी कांदा लावला होता. दिवसपाळीच्या आठवड्यात पाणी त्यांच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायचं, रातपाळीच्या आठवड्यात शेवटचे वाफे कोरडे राहायचे. एक दिवस काका आमच्या ओसरीवर आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "भाऊ, रातच्याले मले चार घंटे भेटत नाई. लाईट सहाले जाते, अन् तुमच्या घड्याळात तवा साडेपाचच झालेले असते. तेवढं घड्याळ पाहा."

एवढंच म्हणाले, पण गाव कुठं एवढ्यावर थांबतंय! सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं. संध्याकाळपर्यंत बोंब झाली की धाकट्यानं थोरल्याला पाणीचोर म्हटलं. कुणी म्हणे, लाईटवाल्यांचं काय खरं, तेच लवकर घालवत असतील. कुणी म्हणे, हा रात्री बांधावर झोपतो अन् घड्याळाला नावं ठेवतो. बाबांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी चार लोक गोळा केले, शाळेतल्या गुरुजींचं घड्याळ मागून आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळी दोन्ही घड्याळं एक करा. दिवस बुडताना पाहा. चार-दोन मिनिटं सोडा, त्याच्यावर फरक निघाला त विहिरीतला माहा हिस्सा सोडला. पुन्हा त्या पाण्याले हात लावणार नाई."

शाळेच्या व्हरांड्यात गुरुजींच्या टेबलावर दोन्ही घड्याळं ठेवली. गुरुजी शहाणे; म्हणाले, मी परगावचा माणूस, मला मधे घेऊ नका, तुमची पोरगीच वाचेल. मग मी वाचलं. दुपारी बाराला वाचलं, दोन्ही एक. दिवस बुडताना वाचलं, दोन्ही एक. अर्ध्या मिनिटाचा फरक नाही. मी ते चांगलं ओरडून सांगितलं. काका उठले, बाबांच्या पाया पडले, "चुकलं माहं" म्हणाले आणि मान खाली घालून घरी गेले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मनात म्हटलं, बरी जिरली.

तो कांदा निघाला आणि काकांनी निरोप धाडला, मले विहिरीचं पाणी नोको. त्यानंतर ते कोरडवाहूच करत राहिले, पावसाच्या भरवशावर. लोक म्हणाले, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून सोडलं. आम्हीही तसंच समजलो. पाळीच उरली नाही तेव्हा घड्याळ खिळ्यावरून उतरलं. बाबांनी ते हातालाही बांधलं नाही, डबीत घालून ठेवलं. लग्नाकार्यात काका यायचे, जेवायचे, पण दोघं भाऊ एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. समोरासमोर बसून एक म्हणायचा, "त्याले सांग, बैल आजारी हाय," आणि दुसरा म्हणायचा, "त्याले म्हण, डॉक्टर बोलाव." आम्ही पोरं आपली मधे मान फिरवत.

तर हे घड्याळ दुरुस्त करून दिवाळीला बाबांच्या हातात बांधायचं मी ठरवलं. त्यांना सांगितलं नाही. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक जुना घड्याळवाला बसतो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, "बाई, आतल्या तेलाचा गूळ झालाय." मग सगळं खोलून धुतलं, तुटलेली स्प्रिंग दुसऱ्या जुन्या घड्याळातली काढून बसवली, काच घासून चकचकीत केली. तबकडी रंगवून नव्या नवरीसारखी करून देतो म्हणत होता. मी म्हटलं, तबकडीला हात लावाल तर याद राखा. पंधरा दिवसांनी घड्याळ हातात आलं, टिकटिक करत. मी दुकानातच डोळे पुसले.

पण मी गणिताची बाई. तपासल्याशिवाय उत्तर मान्य करायचं नाही, ही खोड. बाबांच्या नकळत तीन दिवस मोबाईलशी मिळवून पाहिलं. रोज सकाळी घड्याळ वीस-पंचवीस मिनिटं मागे. मी तणतणत दुकानात गेले. घड्याळवाल्यानं दिवसभर समोर ठेवलं, संध्याकाळी म्हणाला, "सेकंदाचा फरक नाई, बाई. तुमीच कुठं आपटलं असन." पुन्हा घरी आणलं, पुन्हा सकाळी मागे. पुन्हा गेले. "माझ्या घरी काय याला भूत झपाटतं का?" मी विचारलं. "मले काय माईत तुमच्या घरात काय हाय ते," तो म्हणाला. आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी त्यानं वैतागून ते स्वतःच्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर आवाज खाली आलेला. मला स्टुलावर बसवलं, घड्याळ उघडून भिंगाखाली धरलं. म्हणाला, "बाई, याच्यात तारीख हाय. तारीख बदलते रातच्याले. दहापासून बारा-साडेबारापर्यंत काट्याले ती तारखेची चकती ढकला लागते. अन् काटे ज्या नळीवर बसले ते नळी ढिली हाय. जोर आला की आतलं चाक फिरते, काटे जागीच घसरते. दिवसा ढकलाचं कामच नाई, म्हणून दिवसा एकदम बराबर." मग त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "दिवसा साव अन् रात्री चोर हाय तुमचं घड्याळ!"

मला हसू आलं नाही. 

"हे कधीपासूनचं?" मी विचारलं.

"डबीत पडून नळी ढिली होत नसते, बाई. हे चालत होतं तवापासूनचं. कोणीतरी काटे काढून पुन्हा बसवले असन, अडाण्यावानी."

मला आठवलं. मी नववीत असताना काच फुटली होती, मोताळ्याच्या बाजारात बसून काम करणाऱ्या एकाकडून बदलून आणली होती. कांद्याच्या आदल्या वर्षी. घड्याळवाला म्हणाला, "दोन मिनिटाचं काम हाय, दाबून घट्ट करून देतो. कोणाले पत्ता लागणार नाई." मी म्हटलं, थांबा, राहू द्या. आणि घड्याळ तसंच पर्समध्ये टाकून बाहेर पडले.

घरी पोचेपर्यंत मी स्वतःला लाखोली वाहत होते. रात्री चुकणारं घड्याळ आम्ही दिवसा तपासलं! आणि टाळ्या पिटल्या! रोज सकाळी रेडिओपाशी बाबा काटे वीस-पंचवीस मिनिटं पुढे करायचे. ती मिनिटं दिवसभरात थोडीथोडी मागं पडत असती, तर संध्याकाळी गुरुजींच्या घड्याळाशी ते जुळलंच नसतं. जुळलं, म्हणजे चूक रात्रीची. आठवीतलं पोर सांगेल. आणि मी दोन्ही घड्याळं वाचली, पंचवीस वर्षं गणित शिकवलं, आणि माझ्या टाळक्यात हे आलं नाही. बाबांची पाळी दहाला सुरू व्हायची. काटे घसरायचे ते त्यांच्याच पाळीत. त्यांच्या चार तासांचे साडेचार व्हायचे आणि काकांच्या वाट्याला साडेतीन यायचे. बाबांनी चोरी केली नव्हती. पण पाणी चोरीला गेलं होतं, आणि ते आमच्या गव्हाला गेलं होतं.

आठ दिवस घड्याळ पर्समध्ये घेऊन फिरले. पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाला हे कशाला सांगायचं? नळी घट्ट करून हातात बांधलं असतं तर ते खूश झाले असते, जन्मात कुणाला कळलं नसतं. पण काका डोळ्यांसमोरून हलेनात. पाया पडताना त्यांची टोपी खाली पडली होती आणि ती कुणी उचलून दिली नव्हती.

नवव्या दिवशी बाबांनीच विचारलं, "माय, पेटीतलं घड्याळ कुठं गेलं?" मग सांगितलं सगळं. नळी, तारीख, रात्र, सगळं. आधी ते समजलेच नाहीत. समजल्यावर असे भडकले! "तो घड्याळवाला बदमाश हाय! पैसे काढाचे धंदे! माहं घड्याळ चार लोकाइनं पाह्यलं, तूच वाचलं, अन् आता तूच मले चोर म्हणून राह्यली?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नाही म्हणत." "मंग कोणाले म्हणते?"  दुपारी जेवले नाहीत. वेळसुद्धा विचारली नाही.

संध्याकाळी हात पुढे केला. "आण इकडं." मोबाईलशी मिळवून घड्याळ लावून घेतलं, उशाशी ठेवलं. सकाळी मला हाक आली. "किती वाजले?" मी म्हटलं, सात. त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. घड्याळात सहा छत्तीस.  मग म्हणाले, "मोताळ्याची गाडी कवा हाय?"

"बाबा, दिवाळी होऊ द्या. नाहीतर आधी फोन करू."

"फोनवर? तो काय फोनवर पाया पडला व्हता?"

मी म्हटलं, निदान जाताना नळी घट्ट करून घेऊ. तर म्हणाले, "नाई. जसं हाय तसं घे."

राजूर घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा त्यांनी एकदाच माझा हात धरला. मोताळ्याहून ऑटो केली. काका अंगणात बाजेवर बसून वाळत घातलेल्या सोयाबीनवरून कोंबड्या हाकलत होते. आम्हाला पाहून उठले, सुनेला पाणी आणायला सांगितलं, आणि मला म्हणाले, "तुह्या बाबाले विचार, चहा बिनसाखरेचा लागते का."

बाबा मला म्हणाले, "त्याले म्हण, पयले ऐक." मग त्यांचं त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. काठी टेकत पुढे गेले, बाजेच्या कडेला बसले आणि थेट काकांकडे बघून बोलले. "ऐक बे. घड्याळ खोटं निघालं. रातच्याले मांगं पडते. तू खरा व्हता."

 कोंबड्या सोयाबीनवर आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

"मले माईत हाय, भाऊ," शेवटी काका म्हणाले.

"माईत हाय? कवापासून?"

"पाया पडलो त्याच्या पुढच्याच रातपाळीत पाह्यलं. माह्या सासऱ्याचं घड्याळ मागून आणलं. तुमी तिकडं गव्हात पाणी धरून राह्यले व्हते. खिळ्यावर दोनी घड्याळं बाजूबाजूले टांगली अन् बॅटरी लावून बसलो. दहाले बराबर व्हतं. एकले पाह्यलं त तुमचं पंचवीस मिनिटं मांगं."

मला राग आवरेना. राग कुणाचा, तेही कळेना. "काका, मग बोलला काऊन नाहीत? तीस वर्षं लोकांनी तुम्हाला खोटारडं म्हटलं. पाणी सोडलं, बागाईत सोडली. एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पाळी चालू राह्यली असती त घड्याळाची खोड कवा ना कवा भाऊच्या ध्यानात आलीच असती. तू दहावीले व्हती, बाई. पुढं बुलढाण्याले शिकाले जाची व्हती. विहीर गेली असती त तूही घरी बसली असती."

 माझं कॉलेज, होस्टेल, बी.एड., सगळं त्या ओलिताच्या गव्हावर झालं होतं.

बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे मी शब्द फिरवला असता असं वाटलं तुले?" ते म्हणाले. "मी सोडला असता रे हिस्सा. चार लोकात बोललो व्हतो. त्याच दिवशी सोडला असता."

"हाव, भाऊ," काका म्हणाले. "तुमी सोडलाच असता. म्हणून त नाई बोललो."